कुऱ्हाड, हातोडा आणि हजेरीपट

वनरक्षकाच्या भरतीची जाहिरात निघाली की आमच्या विहारात संध्याकाळची गर्दी वाढते. बारावीचं गुणपत्रक, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, झेरॉक्सची चळत. पहाटे पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर धावताना दिसतात. त्यातलाच एक परवा म्हणाला, "दादा, फॉरेस्टात लागायचं तर काय करावं लागतं?" प्रश्न साधा होता. मीही साधंच उत्तर देणार होतो, उंची एवढी, छाती एवढी, इतके किलोमीटर पळ. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेलं एक म्हातारं हसलं. म्हणालं, "आमच्या बाला कुनी पळाया लावलं न्हाई. त्याला वढूनच न्ह्यायचे."

पोरांना वाटलं म्हातारं काहीतरीच बोलतंय. पण म्हाताऱ्यानं एका वाक्यात सांगितलं ते कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात नाही. जंगलात कामाला लागायची दारं कुणी केली, कोणतं दार कुणासाठी ठेवलं, आणि आपला माणूस कोणत्या दारानं आत गेला, याचा म्हणून एक इतिहास आहे. फॉर्म भरायच्या आधी तो माहीत असावा. पुस्तकवाले तो सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

जंगल सरकारचं कधी झालं, इथून सुरुवात करू. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉक्टर गिब्सन नावाच्या इंग्रजाला जंगलाचा कॉन्झर्व्हेटर नेमलं. हा गडी मूळचा पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख. त्याआधीपासून साहेबाचा डोळा सागवानावर होताच, जहाजं बांधायला सागासारखं लाकूड नाही. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि रुळाखाली घालायला लाकडाचे स्लीपर लागायला लागले. एक-दोन नाही, लाखांनी. १८६४ साली हिंदुस्थानचं जंगल खातं उभं राहिलं आणि त्याचा पहिला मुख्य झाला ब्रँडिस नावाचा जर्मन. पुढच्याच वर्षी, १८६५ ला, पहिला जंगल कायदा. आणि १८७८ ला दुसरा, खरा कडक कायदा. जंगलाचे तीन भाग पाडले. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. यातलं ग्रामवन बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. राखीव मात्र वाढत गेलं. काल जिथून माणूस मोळी आणत होता, तिथून आज आणली की तो चोर.

जोतीराव फुल्यांच्या हे तेव्हाच ध्यानात आलं होतं. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, दऱ्या, पडीक, गायरान या खात्यानं गिळलं आणि गरिबाच्या शेरडा-मेंढरांना पाय ठेवायला जागा उरली नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे विद्वान तेव्हा साहेबाच्या दरबारात खुर्ची मागत होते.

खातं झालं. आता त्यात माणसं लागणार. वरची, मधली आणि खालची.

वरची माणसं कशी लागत? १८६७ पासून त्यांची निवड विलायतेत होई. आधी फ्रान्स-जर्मनीत शिकायला पाठवत, १८८५ पासून इंग्लंडातच कूपर्स हिल नावाच्या कॉलेजात. तिथून जहाजात बसायचं आणि इकडं येऊन जिल्ह्याएवढ्या जंगलाचा मालक व्हायचं. मधल्या जागांसाठी, म्हणजे रेंजर वगैरेंसाठी, १८७८ साली डेहराडूनला शाळा काढली. तिथं हिंदी माणसाला जाता येई. पण डेहराडूनच्या शाळेत जायला आधी गावच्या शाळेत बसता यायला पाहिजे ना? आता इथं एक गोष्ट आठवा. १८५६ साली धारवाडला एका महाराच्या पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारी शाळा, सरकारचा पैसा, आणि सरकारनंच त्याला दार बंद केलं. का, तर बाकीची पोरं शाळा सोडतील. म्हणजे डेहराडूनची शाळा निघायच्या बावीस वर्षं आधीच आपला रेंजर धारवाडच्या पायरीवर अडवला गेला होता. जंगल खात्यानं वेगळा भेदभाव करायची गरजच पडली नाही. गावातल्या पंतोजीनं ते काम आधीच करून ठेवलं होतं.

राहिली खालची माणसं. कुऱ्हाड धरणारी, ओझं वाहणारी, जाळरेषा काढणारी. त्यांच्यासाठी जाहिरात नव्हती. त्यांच्यासाठी वेठ होती.

आपल्याकडं वेठ म्हटलं की वतन आलं. महारकी. गावच्या सरणाला लाकूड कोण फोडणार? महार. मसणवटीत कोण वाहून नेणार? महार. साहेबाचा तंबू गावच्या शिवेवर पडला की तंबू ठोकायला, घोड्याला गवत आणायला, चुलीला सरपण आणायला, पुढच्या गावापर्यंत सामान पोचवायला महार. साहेब महसुलाचा असो, पोलिसाचा असो नाहीतर जंगलचा. १८७४ च्या वतन कायद्यानं या गुलामीला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात हा कायदा दुरुस्त करायचं बिल आणलं, तेव्हा त्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. महार एका खात्याचा नोकर नाही, तो सगळ्या खात्यांचा नोकर. वतनदार घरी नसला तर त्याच्या बापानं जायचं, भावानं जायचं. दिवस-रात्र नाही, तास ठरलेले नाहीत, आणि पगार म्हणाल तर नावाला. ते बिल सवर्ण सभासदांनी आणि सरकारनं इतकं कुरतडलं की १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागं घेतलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यानंतर. म्हाताऱ्याचा बाप 'वढून न्ह्यायचे' तो या कायद्यानं.

म्हणजे बघा. ज्या जंगलातून मोळी आणली की आपण चोर, त्याच जंगलातून साहेबाच्या चुलीला मोळी आणायला आपण बांधलेले. लाकूड तेच, खांदा तोच.

आता डोंगरातल्या माणसाकडं वळू. कारण जंगलातला कामगार म्हटला की पहिला मान आदिवासीचा, आणि हे आपण कबूल केलंच पाहिजे. आपल्या सभांमधून 'दलित-आदिवासी' हा जोडशब्द फार सहज येतो, पण त्यातल्या दुसऱ्या अर्ध्याविषयी आपल्याला फारसं काही माहीत नसतं. कुलाबा-ठाण्याकडचे कातकरी खैराचा काथ काढून जगत, म्हणून त्यांचं नावच कातोडी. खैर राखीव झाला आणि जातीचा धंदाच गुन्हा झाला. मग ते कोळशाच्या भट्टीवर कंत्राटदाराचे मजूर म्हणून गेले. मध्यप्रांतात साहेबानं आणखी शहाणपणा केला. राखीव जंगलाच्या आत मजूर मिळेनात, तेव्हा १८९० नंतर वनग्रामं वसवली. राहायला जागा आणि कसायला तुकडा द्यायचा, तोही मालकीचा नाही, आणि बदल्यात खात्याचं काम सक्तीनं घ्यायचं. काम नाकारलं तर घरासकट बाहेर. एकदा जन्मला की लागलाच नोकरीला, असली ही भरती!

ठाणे जिल्ह्यात काय चाललं होतं ते सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानंच १९३९ च्या अहवालात लिहून ठेवलंय. जमीनदाराची वेठ, लग्नगडी, आणि जंगलातल्या कंत्राटदाराकडून मजुरीत होणारी लूट. साहेबाचा अहवाल म्हणून तो खरा मानला गेला. वारल्यांनी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. वारल्यांनी मग सांगणं सोडून दिलं आणि १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर उठाव केला. गवत कापायचा दर आणि झाडं तोडायचा दर वाढवून द्या, ही त्यात मोठी मागणी होती. जंगल कामगाराची आपल्याकडची पहिली मोठी लढाई ती. दर वाढले. वेठ मोडली. त्यासाठी गोळ्याही खाव्या लागल्या.

याच्या पंधरा वर्षं आधी, १९३० साली, काँग्रेसचा जंगल सत्याग्रह झालेला. बिळाशी, चिरनेर, पुसद. चिरनेरला तर २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार होऊन माणसं मेली, त्यात साधी गावकरी माणसं होती. त्यांना आपला जयभीम. पण पुढं काय झालं बघा. राखीव जंगलातलं गवत कापून जे तुरुंगात गेले त्यांचं राज्य आलं, आणि ज्याविरुद्ध गवत कापलं तो १९२७ चा जंगल कायदा तसाच राहिला. आजही तोच आहे. खुर्चीवरचा माणूस बदलला, कायद्याचं पुस्तक टेबलावरच राहिलं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था काढायला सुरुवात केली. कल्पना वाईट नव्हती. कंत्राटदाराला हटवायचं, कूप लिलाव न करता थेट मजुरांच्या संस्थेला द्यायचं, आणि नफा मजुरांत वाटायचा. कूप म्हणजे जंगलाचा त्या वर्षी तोडायचा तुकडा. काही संस्थांनी मजुराला खरंच बरी मजुरी दिली, सावकारातून सोडवलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संस्थेचं दप्तर कुणाच्या हातात? सभासद अंगठेबहाद्दर, आणि चालवायला बाहेरून आलेले पांढरपेशे 'सेवक'. कित्येक ठिकाणी हटवलेला कंत्राटदारच मागच्या दारानं पैसे गुंतवून परत आला. सहकाराची पाटी आणि ठेकेदाराची तिजोरी. जो वर्ग साखर कारखान्यात होता तोच इथं डोंगरात.

इथं जरा थांबतो, कारण कूप कसा चालतो हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आधी खात्याचा माणूस येतो आणि तोडायच्या झाडावर हातोडा मारतो. हा साधा हातोडा नव्हे, त्याच्या तोंडावर सरकारी खूण असते. झाडाच्या बुडाला आणि वर खोडाला ती खूण उमटते. तोड झाल्यावर खालची खूण खुंटावर राहते, म्हणजे हिशोब लागतो. हातोडा पडला की झाड कायदेशीर मेलं. मग कुऱ्हाडवाला. मग सोलणारे, ओंडके पाडणारे, ओढणारे, जळणाचे चट्टे रचणारे. नंतर डेपो, मोजमाप, पुन्हा हातोडा, वाहतुकीचा पास, लिलाव. या साखळीत कुऱ्हाड आपल्या नाहीतर आदिवासीच्या हातात. हातोडा गार्डाच्या हातात. पेन वरच्यांच्या हातात. आणि रात्री चोरून ट्रक गेला तर पकडला जातो तो कुऱ्हाडवाला, कारण तो खुंटाजवळ सापडतो.

दलित माणूस जंगलाकडं मजूर म्हणून गेला तसा जमिनीसाठीही गेला, आणि ही बाजू आपल्या तरुणांना माहीत पाहिजे. १९५३ साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं पडीक जमिनीचा सत्याग्रह केला. १९५९ ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश, नाशिक, नगरकडं रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. आणि ६ डिसेंबर १९६४ ला देशभराचा. तीन लाखांवर माणसं जेलात गेली असं चळवळीत सांगितलं जातं. आयाबाया कडेवर पोर घेऊन गेल्या. त्या सत्याग्रहाच्या मागण्यांची यादी पुन्हा वाचा. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा अंमलात आणा, बौद्धांना सवलती द्या, नोकऱ्यांतला राखीव कोटा भरा. जमीन, मजुरी, नोकरी, धर्म, सगळं एकाच कागदावर. आज आपण हे चार प्रश्न चार संघटनांत वाटून घेतलेत आणि एकाचा पोस्टर दुसऱ्याच्या पोस्टरवर चिकटवत बसलोय.

बौद्धांच्या सवलतीचा प्रश्न आणि जंगलातली नोकरी यांचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध आहे. केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातींना आरक्षण आलं १९४३ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना. आधी ८.३३ टक्के, १९४६ ला १२.५ टक्के. मग १९५६ ला नागपुरात आपण धम्म घेतला, आणि केंद्रानं सांगितलं, तुम्ही आता अनुसूचित जाती नाही. महाराष्ट्र सरकारनं १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण दिल्लीनं नाही. आता जंगलखात्याची शिडी बघा. खालच्या जागा राज्याच्या. वरची भारतीय वनसेवा मात्र १९६६ साली पुन्हा सुरू झाली ती अखिल भारतीय सेवा म्हणून, केंद्राची. म्हणजे बौद्ध म्हणून नोंद असलेल्या पोराला गार्ड व्हायला राखीव जागा, पण गार्डाचा साहेब व्हायला नाही. हा कायदा १९९० साली बदलला. तोवर ३४ वर्षं गेली. त्या काळात किती पोरांनी फॉर्मवर छातीवर दगड ठेवून 'हिंदू महार' लिहिलं, आणि किती जणांनी ते लिहायचं नाकारून फॉर्मच फाडला! ज्यांनी लिहिलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. भूक कुणाला सांगावी.

आता मस्टरवर येतो. म्हाताऱ्याच्या स्वतःच्या काळावर.

१९७२ चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमी सुरू झाली. १९७७ ला तिचा कायदा झाला. खडी फोडणं, पाझर तलाव, आणि त्याबरोबर झाडं लावणं. १९७४ ला महाराष्ट्र वनविकास महामंडळ निघालं, नागपूरला मुख्य कचेरी. जुनं मिश्र जंगल साफ तोडायचं आणि सागाची रोपवनं लावायची, हा त्याचा धंदा. १९८२ ला सामाजिक वनीकरण आलं. गायरानात, रस्त्याकडेला झाडं. या सगळ्याला माणसं लागली, आणि ती माणसं घेतली गेली हजेरीपटावर. जाहिरात नाही, परीक्षा नाही. गार्डानं सांगितलं, "उद्यापासून ये," की लागला. गार्डानं सांगितलं, "उद्यापासून येऊ नको," की सुटला.

काम काय? बारा महिन्यांचं. उन्हाळ्यात दीड-दीड फुटाचे खड्डे, मुरमात, कातळात. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, ते बहुतेक बायांचं काम, दिवसभर उकिडवं बसून माती-खत कालवायचं. पावसात लावणी. पावसानंतर निंदणी. हिवाळ्यात जाळरेषा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम, तेव्हा आगीवर पहारा. मेळघाट-चंद्रपूरकडं या पहारेकऱ्याला अंगारी म्हणतात. आग लागली की झाडाचा हिरवा फाटा तोडायचा आणि झोडत सुटायचं. पायात चपला असल्या तर नशीब. तिकडं चंद्रपूर-गडचिरोलीत एप्रिल-मे मध्ये तेंदूपत्ता. पहाटे तीनला निघून पानं तोडायची, ७० पानांचा पुडा बांधायचा, फळीवर नेऊन मोजून द्यायचा. मोजणारा मुन्शी. मोजणाऱ्याचा हात किती सैल आणि किती कडक, यावर घरची चूल.

हे काम दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं तीच माणसं करत होती. कागदावर मात्र रोज नवी. यातली मेख अशी की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की मजुराला सलग सेवेचे हक्क मिळत. मग साहेब लोक २२० दिवस भरले की खंड देत. महिनाभर घरी बस, मग ये. किंवा मस्टरवर नवऱ्याच्या जागी बायकोचं नाव, भावाच्या जागी भावाचं. मजुराला काय कळणार? पैसे मिळाले, अंगठा उठवला. अंगठ्यावर कुठं नाव लिहिलेलं असतं?

पुण्याला पाचगाव-पर्वतीच्या टेकडीवर झाडं लावायच्या योजनेतले असेच मजूर कोर्टात गेले. १९७१ चा महाराष्ट्राचा कामगार कायदा आहे, अनुचित कामगार प्रथा रोखणारा. माणसाला वर्षानुवर्षं हंगामी ठेवायचं आणि कायमपणाचे हक्क द्यायचे नाहीत, ही त्यात अनुचित प्रथा धरलीय. सरकारनं काय बचाव करावा? की वनखातं हा उद्योग नव्हे, वन राखणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे. म्हणजे टेकडीवर खड्डा खोदणारी बाई ही राज्याचं सार्वभौमत्व खोदत होती! आणि त्या सार्वभौमत्वाची मजुरी रोजावर. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या अखेरीला हा बचाव फेटाळला. या मजुरांना पाच-सहा वर्षं रोजंदारीवर ठेवणं ही अनुचित प्रथाच, असं सांगितलं. लगेच ३१ जानेवारी १९९६ चा शासन निर्णय निघाला. १ नोव्हेंबर १९९४ पर्यंत ज्यांनी पाच वर्षं, दर वर्षी २४० दिवस काम केलंय असे ८,०३८ रोजंदारी मजूर कायम झाले. 'वनमजूर' हे पद पगारासकट मिळालं. पुढं १६ ऑक्टोबर २०१२ च्या निर्णयानं आणखी काही हजार कायम झाले. कायम झालेल्यांच्या घरी शिक्षण आलं, पक्की भिंत आली. चळवळीतल्या कित्येक कार्यकर्त्यांचा बाप वनमजूर आहे, आणि ही गोष्ट भाषणात येत नाही. सत्याग्रहाची आठवण असते, कोर्टातल्या तारखांची नसते.

आता आजच्या दाराबद्दल, म्हणजे पोरानं विचारलं होतं त्याबद्दल.

वनरक्षक व्हायला बारावी पास लागते, आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांतला एक तरी विषय पाहिजे. हे पोरांना बारावी झाल्यावर कळतं. म्हणून अकरावीत कला शाखा घेणाऱ्याला आत्ताच सांगा, भूगोल सोडू नको. अनुसूचित जमातीला दहावी चालते. उंची पुरुषाला १६३ सेंटिमीटर, बाईला १५०. धाव पुरुषाला ५ किलोमीटर, बाईला ३. शेवटी चालायची परीक्षा, चार तासांत पुरुषाला २५ किलोमीटर, बाईला १६. २०२३ ला २,१३८ जागांची भरती झाली तेव्हा लेखी १२० गुणांची होती, कॉम्प्युटरवर, आणि धावायला ८० गुण. राखीव वर्गाला फी ९०० रुपये. हजेरीवर खड्डे खोदणाऱ्या बापाची ती तीन-चार दिवसांची मजुरी, पोराच्या एका फॉर्मची. वरची पायरी वनक्षेत्रपालाची, ती लोकसेवा आयोगाची परीक्षा. तिला आणि दिल्लीच्या वनसेवेला पदवी लागते, आणि तीही विज्ञान, शेती, अभियांत्रिकी अशा विषयांची. आपली हुशार पोरं बीए होऊन त्या जाहिरातीसमोर उभी राहतात आणि मग कळतं की पदवी चुकली. धारवाडची पायरी हलली आहे, गेलेली नाही.

नोकरीत गेल्यावर गणवेश मिळतो. पण गार्डाचं काम खुर्चीचं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबात वाघांच्या गणनेआधीच्या पाहणीला पायी निघालेली एक वनरक्षक बाई वाघिणीच्या हल्ल्यात गेली. तिच्याबरोबर चालत होते ते वनमजूर होते. पेपरात फोटो आला तो गणवेशाचा. मजुरांनी काय बघितलं असेल ते कुणी विचारलं की नाही, ठाऊक नाही.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली वनरक्षकासारखी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. त्यावरून गडचिरोलीकडं आपल्या पोरांत खदखद झाली, आमच्या जिल्ह्यात आमच्याच पोटावर पाय, अशी. खदखद मला कळते. तिथला बौद्ध, तिथला बुरूड, सगळे भूमिहीन, आणि बुरुडाचं तर पिढीजात जगणंच बांबूवर. पण रोख चुकला. ज्या राखीव जंगलात वारल्याला, माडियाला, कोरकूला दीडशे वर्षं मजूर ठेवलं तिथं त्याच्या पोरानं हातोडा धरला, तर आपण मोर्चा काढायचा कुणाविरुद्ध? बुरुडाला सवलतीचा बांबू वेळेवर का मिळत नाही आणि कागद गिरणीला रानंच्या रानं कशी मिळत आली, हा मोर्च्याचा विषय आहे. तसाच दुसरा विषय २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्यात आदिवासी सोडून बाकीच्यांना जंगलात तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा. गावकुसाबाहेर ज्याचं नावच कुठल्या वहीत चढलं नाही, त्यानं ७५ वर्षांचा कागद कुठून आणायचा? तरी नियमात जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरलाय. आपल्याकडं म्हातारी माणसं आहेत तोवर हे जबाब लिहून घेतले पाहिजेत. मेंढा-लेखाच्या गोंडांनी २००९ ला सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतःच्या पासावर विकला. तिथं जाऊन बघा. आपल्याहून कमी शिकलेली माणसं दप्तर कसं ठेवतात ते शिकण्यासारखं आहे.

दप्तरावरून पुन्हा म्हाताऱ्याकडं. त्यानं रोपवाटिकेत अकरा वर्षं काढली. लिहिता येत नव्हतं, म्हणून घरच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढायचा, आणि सुटीच्या दिवशी मोकळी जागा सोडायचा. शहाण्णवला कायम करायच्या याद्या लागल्या तेव्हा यादीत नाव नव्हतं. कचेरीत गेला तर मस्टरवर निम्मे महिने त्याच्या जागी धाकट्या भावाचं नाव, आणि भाऊ तर मुंबईला गोदीत. साहेबानं विचारलं, पुरावा काय? म्हातारा म्हणाला, भित आहे, चला बघायला. साहेब हसले. आम्ही त्या वेळी लहान होतो, नाहीतर फोटो तरी काढला असता. पुढं घरकुल मंजूर झालं आणि ती भिंत पाडली. विहारात पोरांचे फॉर्म भरून झाले की म्हातारा अजून एकेकाला विचारतो, नाव बरोबर लिवलंस का, बापाचं लिवलंस का, पावती घेतलीस का.